श्वास दिसला पाहिजे

चार माणसं एकाच क्षणी गायला सुरुवात करतात ती कशी, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. लोकांना वाटतं, कोणीतरी एक-दोन-तीन म्हणत असेल. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. पप्पा मान वर करायचे, आम्हा तिघांच्या खांद्यांकडे बघायचे आणि स्वतः श्वास घ्यायचे. तो बघून आम्ही श्वास घ्यायचो आणि चारही आवाज एकदम बाहेर पडायचे. "श्वास दिसला पायजे," हे वाक्य मी चालायला लागायच्या आधी ऐकलं असेल. कोणी खांदा न हलवता गायला लागलं की पप्पा गाणं थांबवायचे. "चोरून गातीस काय? श्वास कुटं घेतलास, दाव की." मग पुन्हा पहिल्यापासून.

पप्पा म्हणजे शांतवन मास्तर. मास्तर ते रविवारपुरते. आठवड्याचे बाकीचे दिवस ते सोलापूरच्या एका कापड गिरणीत, साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. साचेखातं म्हणजे मागांची शेड. शेकडो माग एकदम चालतात तिथे शेजारच्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ते वाचतो. घरी आले तरी पप्पांची ही सवय सुटायची नाही. जेवताना मीठ मागायचे ते ओठांनीच. आम्हा सगळ्यांना ही बोली येत होती. माझ्या थोरल्या भावानं, विनयनं, आणि मी तिच्यापायी शाळेत मारही खाल्ला आहे. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की पप्पा क्वायरच्या बाकावरून बायकांच्या बाजूला बसलेल्या आईला ओठांनी विचारायचे, "मटन चुलीवर ठिवून आलीस न्हवं?" आणि मंडळीतले निम्मे पुरुष गिरणीतलेच असल्यामुळे ते गालातल्या गालात हसायचे. पाळकसाहेबांना मात्र हा हशा कुठून आला ते कधीच कळलं नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत गाणं, मागच्या खोलीत आई. आई गात नव्हती. पप्पांनी लग्न झाल्या झाल्या तिला एकदा म्हणायला लावलं होतं आणि "तू भाकरीच कर" असं सांगितलं होतं. ही गोष्ट ते पाहुण्यांना हसत हसत सांगायचे आणि आई पाहुण्यांना चहा देता देता ती ऐकायची. ती कडक भाकऱ्या करून डब्यात उभ्या रचून ठेवायची, आणि दर शनिवारी जमिनीत बसवलेल्या दगडी उखळात मुसळानं शेंगांची चटणी कुटायची. तेल सुटेपर्यंत कुटायची. तिखटाचा ठसका पुढच्या खोलीत आला की पप्पा खिडकी उघडायचे आणि "गळ्याची वाट लावती ही बाई" म्हणायचे.

चौघांत पप्पा बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज. विनय टेनर. वरचा सोप्रानो पप्पांच्या बहिणीचा, सुमती आत्याचा. ती मिशनच्या शाळेत शिक्षिका होती आणि आमच्याकडेच राहायची. आणि मी आल्टो. आल्टो हा मधला आवाज. तो असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसला तर काहीतरी कमी आहे एवढंच कळतं, काय ते कळत नाही. चाल सोप्रानोकडे, जोर बासकडे, कौतुक टेनरकडे. सहा वर्षांची असल्यापासून मी एकेका ओळीत तीनच स्वर इकडून तिकडे फिरवत आले होते आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नव्हती. आपल्याला वेगळं काही गाता येतं हे माणसाला माहीतच नसेल तर तक्रार करणार कशाची?

पिंटो अंकल आमच्याकडे आले ते एका नाताळानंतर. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले, कॅथलिक, आमच्या मंडळीचे नव्हेत. त्यांची बायको नुकतीच गेली होती. नाताळच्या कार्यक्रमात आमची चौघांची गीतं ऐकून ते दुसऱ्याच दिवशी टांग्यात ग्रामोफोन घालून दारात हजर झाले. सोबत तबकड्यांचा एक गठ्ठा, बायकोच्या जुन्या साडीत बांधलेला. अमेरिकेतली जुनी जॅझची गाणी. चंद्राची, पावसात थांबलेल्या बाईची, सोडून गेलेल्या माणसाची. "शांतवन," ते म्हणाले, "ये सब मेरी वाइफ का गाना है. मेरेको तुम चार लोग का गले से सुनने का है. एक कॅसेट बनाओ, बस." पप्पांनी तबकडी लावली, डोळे मिटून ऐकली, परत लावली. तिसऱ्यांदा ऐकताना ते पेन्सिल घेऊन चार आवाज कागदावर उतरवायला बसले होते. आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, ही नाचाची गाणी हैत. मंडळीच्या पंचांस्नी कळलं तर?" पप्पा म्हणाले, "गाणी वाईट न्हाईत. देवाचं नाव न्हाई त्यात, येवढंच." त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भूक बघितली. तीस वर्षं तीच गीतं बसवणाऱ्या माणसाला कोणीतरी नवं ताट वाढलं होतं.

सहा महिने तालीम चालली. स्वर चार दिवसांत बसले, कारण स्वर आमच्या घरी पाण्यासारखे होते. बसत नव्हता तो ठोका. पिंटो अंकल खुर्चीत बसून ऐकायचे आणि डोकं धरायचे. "ये तो प्रेयर हो गया! मेरी वाइफ इसपे डान्स करती थी!" त्या गाण्यांत ठोका सरळ पडत नाही. एक लांब, एक आखूड, असा लंगडत, लाडात येत पडतो. पप्पांच्या अंगात माग भिनलेला होता, खटाक-खटाक, एकासारखा एक. त्यांना तो लंगडा ठोका काही केल्या जमेना. विनयला जमेना, आत्याला तर लाजच वाटायची. एका शनिवारी तालीम अशीच रखडत चालली होती आणि मागच्या खोलीत आई चटणी कुटत होती. मुसळ वर जाताना थोडं रेंगाळत होतं आणि खाली पटकन येत होतं, लांब-आखूड, लांब-आखूड. मी उठून मधल्या दारात उभी राहिले, आईच्या मुसळाकडे बघत बघत ती सोडून गेलेल्या माणसाची ओळ म्हटली आणि ती बरोब्बर बसली. पिंटो अंकल खुर्चीतून उठले. "वो! वोही!" आई मुसळ हातात धरून घाबरून बघत राहिली. तिला वाटलं, आपल्या आवाजाचा त्रास झाला म्हणून साहेब उठले.

त्या गाण्याची चाल मला मिळाली. बाकी तिघं मागे नुसते ऊ-ऊ करणार आणि पुढे आल्टो एकटा गाणार. पिंटो अंकलनीच ते ठरवलं आणि पप्पा "बरं" म्हणाले. त्या बरंमध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी हवेत होते. आंघोळ करताना, भांडी घासताना, शाळेच्या वाटेवर माझं तेच चालू. सतरा वर्षांच्या मुलीला आपला आवाज पहिल्यांदा भेटला होता. पप्पा मात्र ते गाणं आलं की खिडकीशी जाऊन उभे राहायचे. आज वाटतं, ज्या मुसळाला ते आयुष्यभर हसले, त्या मुसळानं त्यांना जमलं नाही ते पोरीला शिकवलं, हे त्यांना लागलं असणार. पण ही समजूत मला फार उशिरा आली, आणि उशिरा आलेल्या समजुतीचा मला काही उपयोग झालेला नाही.

रेकॉर्डिंग करणार होते रसूलभाई. कव्वाल्या, भजनं, उरुस, लग्न, सगळं तेच रेकॉर्ड करायचे. त्यांची खोली पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. चारी बाजूंना यंत्रमाग. भिंतीला गाद्या लावल्या तरी मागांचा आवाज आत यायचाच. "नारळी पुनवेकू आओ," रसूलभाई म्हणाले, "पद्मशाली लोगां का रथ निकलता, सब मागां बंद रैते." त्या वर्षी नारळी पौर्णिमा रविवारी आली. रविवार म्हणजे उपासना. क्वायरमास्तरच नाही तर क्वायर नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "शालू, पाळकसाहेबांस्नी सांगून ये, पप्पाला लई ताप हाय म्हणून. उद्या न्हाई जमायचं." मी गेले आणि सांगून आले. पाळकसाहेबांनी पप्पांसाठी तिथल्या तिथे प्रार्थना केली. मी डोळे मिटून उभी होते आणि माझ्या डोक्यात ती चाल चालू होती.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती वस्ती ओळखू येत नव्हती. एकही माग वाजत नव्हता. आई घरी राहिली, पण निघताना तिनं मला दोन लवंगा दिल्या होत्या दाढेत धरायला. माईक एकच. रसूलभाईंनी खडूनं जमिनीवर खुणा केल्या. कोणी कुठे उभं राहायचं ते त्या खुणांवर. माझ्या गाण्याच्या वेळी माझी खूण सगळ्यांच्या दोन पावलं पुढे होती. मी तिथे उभी राहिले. मागे वळून बघायला नको म्हणून पप्पा बाजूला आले, मला दिसतील असे. त्यांनी श्वास घेतला, मी घेतला. पुढचं मला नीट आठवत नाही. माझं मला ऐकू येत होतं आणि ते चांगलं होतं, इतकंच आठवतं. शेवटचा स्वर आम्ही सोडला आणि, कोणी ठरवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, आम्ही चौघांनी एकदम चार आवाजांत "आमेन" म्हटलं. जन्मभराची सवय. गाणं संपलं की आमेन. सोडून गेलेल्या यारासाठी रडणारी ती बाई आणि तिच्या मागोमाग आमेन! रसूलभाईंनी कानांवरचं यंत्र काढलं. "मास्तर, ये आमीन किसकू बोले?" विनय हसून हसून खाली बसला. पप्पा म्हणाले, पुन्हा घेऊ. पण तोवर रथ त्या गल्लीच्या तोंडाशी आला होता. हलगी-ताशे गाद्या भेदून आत येत होते. टेपचं यंत्र चालूच राहिलं होतं. आमेननंतरची ती हलगी कॅसेटवर तशीच राहिली.

पिंटो अंकलना ती आमेन इतकी आवडली की त्यांनी घरी येईल त्याला गाणं ऐकवलं. त्यातल्याच कोणाकडून तरी कॅसेट पंचांपर्यंत गेली. गाण्याचं एक वेळ निभावलं असतं. पण सोलापुरात हलगी-ताशे आणि मागे तेलुगूतला जयजयकार ऐकला की तो कोणता दिवस हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि त्या दिवशी शांतवन मास्तरांना ताप होता.

उपासना झाल्यावर मंडळीची सभा बसली. टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर ते गाणं लावलं. मी चर्चमध्ये एकटीनं गायले असं पहिल्यांदा झालं, ते असं. सगळे मान खाली घालून ऐकत होते. कोणाचा तरी पाय हलत होता, लांब-आखूड. शेवटी आमेन आली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं सवयीनं "आमेन" म्हटलं. मग हलगी वाजली. पाळकसाहेबांनी बटण दाबून ती बंद केली.

"शांतवनराव, त्या रविवारी आपल्याला ताप होता."

पप्पा उभे राहिले. लोकांसमोर बोलताना ते पुस्तकी मराठी बोलायचे. "साहेब, मला कसलाही ताप नव्हता. माझी मुलगी मला म्हणाली की, पाळकसाहेबांनी आपल्याला या रविवारी मोकळीक दिली आहे. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. हे गाणं गाण्याचा हट्टही तिचाच होता. आपण ऐकलंच आहे, त्यात पुढे कोण गात आहे."

मला आधी वाटलं, ते कोणा दुसऱ्याच मुलीबद्दल बोलताहेत. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "शालिनी, हे खरं आहे?" मी उठले. विनय छताकडे बघत होता. आत्या हातरुमालाच्या घड्या घालत होती. तिची नोकरी मिशनची. मी पप्पांकडे बघितलं. ते पाळकसाहेबांच्या मागच्या बाजूला उभे होते आणि त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. नुसते ओठ. "व्हय म्हण." मी नुसतीच बघत राहिले. परत हलले. "व्हय म्हण, पोरी."

"हो," मी म्हणाले. "मीच."

मला मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागावी लागली. वर्षभर प्रभुभोजन बंद, क्वायर बंद. पप्पांचं मास्तरपण राहिलं.

घरी आल्यावर आईनं सगळ्यांना वाढलं. रविवारचा मटणाचा रस्सा, भाकरी, चटणी. पप्पा पहिला घास मोडत म्हणाले, "शालू, तू ल्हान हाईस. लोक इसरतील तुजं. माजं गेलं असतं तर माज्याजवळ काय उरलं असतं, सांग की. साचा?" उत्तर दिलं ते आईनं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं पप्पांना उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"व्हय म्हण, असं तुमी म्हणालासा."

पप्पांचा हात थांबला.

"मला दिसलं की. रोज मीठ मागता तुमी त्या ओठांनी. मला दिसलं, येशुदासाला दिसलं, मोझेसला दिसलं. तुमच्या खात्यातली समदी बसली हुती तितं. फुडच्या तीन बाकांस्नी दिसलं." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "कुणीबी बोललं न्हाई. मीबी न्हाई बोलले."

तोपर्यंत मला वाटत होतं, ते आम्हा दोघांतलं गुपित आहे. मी पप्पांना वाचवलं आणि ते फक्त पप्पांना ठाऊक आहे, अशी एक समजूत मी चर्चपासून घरापर्यंत छातीशी धरून आणली होती. ती त्या ताटावर संपली. पन्नास माणसांनी वाचलं होतं. सगळ्यांना मास्तर हवा होता. नाताळ तीन महिन्यांवर आला होता. आल्टोचं काय, तो कोणीही गाईल. आणि गायलंच. पाळकसाहेबांची पुतणी माझ्या जागी बसली ती बसलीच. वर्ष उलटल्यावर मला कोणी परत बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. आईनं उखळावर लाकडी पाट टाकला आणि त्यावर पाण्याची घागर ठेवली. चटणी त्यानंतर दुकानातून यायची. पप्पांनी तिला नाव ठेवायची हिंमत केली नाही.

मी नर्स झाले, सरकारी दवाखान्यात. जन्मभर दुसऱ्यांचे श्वास मोजले. लग्न केलं नाही. त्याचं कारण हे नव्हे, उगाच कोणी दुवा जुळवू नये. आई गेली. गिरणी बंद पडली. विनय पुण्याला गेला. आत्याही गेली, शेवटपर्यंत माझ्या नजरेला नजर न देता. गेल्या वर्षी विनयच्या नातीनं ती कॅसेट कुठूनशी शोधून मोबाईलवर आणली, आणि चर्चच्या वर्धापनदिनाला नव्या तरुण पाळकांनी ती मोठ्या अभिमानानं स्पीकरवर लावली. आपल्या पूर्वजांनी त्या काळी जॅझ रेकॉर्ड केलं, केवढी दृष्टी, वगैरे. पडद्यावर नाव आलं, 'शांतवन मास्तर आणि कुटुंब'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमेन होती. हलगी नव्हती. नात मला म्हणाली, "आजी, शेवटी खूप नॉइज होता ना, तो मी काढून टाकला." मी म्हटलं, छान केलंस.

पप्पा त्याआधीच गेले. शेवटची नऊ वर्षं ते माझ्याकडेच होते. साचेखात्यानं त्यांचे कान आधीच पोखरले होते. आता काहीच ऐकू येत नव्हतं. बोलणंही त्यांनी सोडलं होतं. आम्ही दोघं त्या घरात ओठांनी बोलायचो. औषध. पाणी. मीठ. शेजारच्यांना वाटायचं, या घरात माणसं आहेत की नाहीत. त्या सभेचा विषय नऊ वर्षांत एकदाही निघाला नाही. मी काढणार नव्हते. त्यांनी काढावा म्हणून मी वाट बघत होते, हे आज कबूल करते.

एका दुपारी मी त्यांचं अंग पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. ओठ हलले. "ते गाणं म्हण. पिंटोचं. तुजं." मी मान हलवून नाही म्हणाले. "म्हण की. येकदा."

मी खुर्ची ओढून समोर बसले. ते माझ्या ओठांकडे बघत होते. आणि मी गायले. म्हणजे ओठ हलवले. एकेक शब्द स्पष्ट, लांब-आखूड, लांब-आखूड, सगळं जागच्या जागी. गळ्यातून मात्र आवाजाचा एक कण बाहेर सोडला नाही. का द्यायचा? त्यांनीच मला शिकवलं होतं आवाज न काढता बोलायला, आणि मी एकदा त्यांच्या शब्दाखातर तसं गप्पही झाले होते. चादरीवर त्यांचं बोट हलत होतं. इतक्या वर्षांनी तो ठोका त्यांना जमत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते बघून बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटत होतं. शेवटी मी आमेनसुद्धा म्हटलं, ओठांनीच.

बोट थांबलं. पप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ओठांकडे नव्हे, खांद्यांकडे.

"श्वास न्हाई घेतलास," ते म्हणाले. तेवढं वाक्य त्यांनी आवाज काढून म्हटलं, फाटक्या, कित्येक महिने न वापरलेल्या आवाजात. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्यानंतर माझ्याकडे काही मागितलं नाही, मीठसुद्धा.